तिकिटावरचे साडेसहा तास

लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून न्यू जर्सीला निघालेल्या साठीच्या जोडप्याच्या हातात विमानाचे तिकीट पडते. मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री दीड. न्यूयॉर्कला उतरण्याची वेळ सकाळी आठ आणि तारीख तीच. म्हणजे साडेसहा तास! एवढ्या वेळात एसटीने फार तर साताऱ्याहून मुंबई गाठता येते. परतीचे तिकीट मात्र भलतेच सांगते. न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबईत उतरायचे, म्हणजे पुरते चोवीस तास. शहरे तीच, अंतर तेच, मग एवढा फरक कसा?

याचे उत्तर दोन शहरांच्या घड्याळांत आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि उतरण्याची वेळ उतरण्याच्या गावची छापतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे. जाताना हा फरक प्रवासातून वजा होतो, येताना तेवढाच वाढतो. त्यामुळे दोन्ही आकड्यांची बेरीज केली की तो आपोआप उडून जातो. साडेसहा आणि चोवीस मिळून साडेतीस तास, त्याचे निम्मे सव्वापंधरा. एका बाजूच्या प्रवासाला सरासरी लागणारा खरा वेळ हा. प्रत्यक्षात या उदाहरणात जाताना १६ तास लागतात आणि येताना साडेचौदा.

प्रवास ठरवताना भाडे, सामानाचे वजन आणि व्हिसाची कागदपत्रे यांची चर्चा घरोघरी होते. हे १६ तास शरीराला कसे जातील, याचा विचार क्वचितच होतो. जाणारी व्यक्ती साठी ओलांडलेली असेल, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर तिकिटावरच्या वेळांचा नीट हिशेब मांडणे हा आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

साडेबारा हजार किलोमीटरची वाट

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टीने रेघ मारली, तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. पण त्या रेघेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. पृथ्वी गोल आहे आणि सपाट कागदावर उतरवताना तिचा उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून ही फसगत होते. तोच प्रयोग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून केला तर वेगळेच दिसते. दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मध्य आशियावरून मॉस्कोकडे जातो. तिथून फिनलंड, स्वीडन, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून तो कॅनडामार्गे न्यूयॉर्कला उतरतो. सर्वांत जवळची वाट ही.

विमानांना ती नेहमी मिळतेच असे नाही. आकाशालाही सरहद्दी असतात. २०२२ पासून अमेरिकी विमानांना रशियाचे आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली आणि भारतीय विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. २०१९ मध्येही बालाकोटच्या कारवाईनंतर काही महिने हीच स्थिती होती. अंतर नकाशावर तेवढेच राहते, पण खुर्चीतला वेळ वाढतो. कधी इंधनासाठी मध्येच उतरावेही लागते. म्हणून तिकीट काढताना जुन्या अनुभवावर विसंबू नये. त्या दिवशीच्या उड्डाणाला किती तास लागणार आहेत, ते पाहून घ्यावे.

येताना वारा पाठीशी

वाट तीच असली तरी परतताना वेळ कमी लागतो, तो वाऱ्यामुळे. जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील फरकामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते तयार होतात. त्यांचा वेग ताशी शंभर ते दोनशे किलोमीटर असणे नेहमीचेच, हिवाळ्यात तो आणखी वाढतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची नोंद केली होती. आपला अहवाल त्यांनी एस्पेरांतो भाषेत छापला आणि जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

विमानाचा हवेतला वेग साधारण ताशी ९०० किलोमीटर धरला आणि सगळ्या वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा वारा धरला, तर गणित सोपे आहे. वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि १२,५०० किलोमीटरला पावणेपंधरा तास लागतात. वारा पाठीमागून असेल तर वेग ९५० होतो आणि सव्वातेरा तासांत काम होते. फरक दीड तासाचा. चढणे, उतरणे, धावपट्टीवरची रांग आणि वळसे यांचा वेळ यात आणखी मिळवायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते, ते याच वाऱ्याच्या जोरावर.

पायांचा हिशेब वेगळा

या १६ तासांत सर्वांत जास्त सोसावे लागते ते पायांना. पोटरीचे स्नायू चालताना आकुंचन पावतात आणि खाली उतरलेले रक्त शिरांमधून वर हृदयाकडे ढकलतात. पाय तासन् तास लोंबकळत राहिले की हा पंप बंद पडतो. रक्त साचते, पाय सुजतात आणि क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये यावरच्या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. तरीही धडधाकट माणसाच्या बाबतीत ती सहा हजारांत एक एवढीच आहे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र याआधी गुठळी झालेली असेल, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, वजन फार जास्त असेल किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील, तर शक्यता वाढते. त्याच अभ्यासात फार उंच आणि एक मीटर ६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या व्यक्तींनाही धोका अधिक असल्याचे दिसले. आपल्याकडच्या कितीतरी आई-आज्या या उंचीत बसतात. विमानाच्या खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते. पायाखाली छोटी बॅग किंवा घडी केलेले पांघरूण ठेवले तर हा दाब कमी होतो.

या संशोधनातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. धोका फक्त विमानात नाही. मोटार, बस किंवा रेल्वे यांत तेवढाच वेळ न हलता बसले तरी तो असतोच. आता साताऱ्याच्या जोडप्याचा हिशेब पुन्हा मांडू. दुपारी चारला घर सोडले आणि सहा तास मोटारीत बसून रात्री दहाला मुंबईचा विमानतळ गाठला. तिथे साडेतीन तास, मग विमानात १६ तास, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांत दीड तास, शेवटी मुलीच्या घरापर्यंत मोटारीत दोन तास. एकूण २९ तास. त्यातले २४ तास खुर्चीत. तिकिटावर दिसणाऱ्या साडेसहाशी या आकड्याचा काही संबंध उरत नाही. कमी दिवसांत लागोपाठ प्रवास केले तर धोका वाढतो, हेही त्याच अभ्यासात आढळले. त्यामुळे अमेरिकेत उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नायगारा दाखवायला मोटारीने नेण्याची घाई नसावी.

ज्येष्ठांच्या काही सवयी इथे आड येतात. शेजारच्याला उठवायला नको म्हणून ते जागचे हलत नाहीत. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. विमानतळावर भाषेची अडचण नको म्हणून मुले व्हीलचेअर मागवून ठेवतात. ती सोय चांगली, पण त्यात चालण्याची उरलीसुरली संधीही जाते. यावर साधे उपाय आहेत. तिकीट काढतानाच मधल्या वाटेच्या कडेची जागा निवडावी. जागेपणी दर तास-दीड तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात. बसल्या जागी टाच टेकवून पंजा वर उचलणे आणि पंजा टेकवून टाच उचलणे, हे वीस-वीस वेळा करावे. साताऱ्याहून येताना वाटेत एकदा तरी उतरून पाय मोकळे करावेत. धोका असलेल्यांनी दाबाचे मोजे वापरावेत का, हे डॉक्टरांना विचारावे. पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर हे मोजे अपायही करू शकतात. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन घेणे योग्य नाही.

एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हा वाटेत थांबे घ्यावे लागत. प्रवासी उतरत आणि पाय आपोआप मोकळे होत. २००७ मध्ये एअर इंडियाची मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू झाली. वेळ वाचला, धावपळ वाचली, पण चालण्याचे निमित्तही गेले. म्हणून थेट विमान की थांबा असलेले, याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. गुडघे दुखणाऱ्याला किंवा परक्या विमानतळावर गोंधळणाऱ्याला थेट विमान बरे. सुजऱ्या पायांच्या, पण चालत्या-फिरत्या माणसाला मध्ये दोन-तीन तासांचा थांबा मानवतो.

कळसूबाईहून उंच

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, पण आत हवेचा दाब वाढवून ठेवलेला असतो. तरी तो जमिनीवरच्या इतका नसतो. नियमानुसार आतली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच जागी १६ तास बसून असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ३५० या नव्या विमानांत हा दाब ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात, त्यामुळे थकवा थोडा कमी जाणवतो.

या हवेत रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण निरोगी माणसातही काही टक्क्यांनी उतरते. त्याला ते जाणवतही नाही. पण दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदयाची कमजोरी किंवा तीव्र रक्तक्षय असेल तर जाणवू शकते. एक जिना चढताना धाप लागणाऱ्याने प्रवासापूर्वी तपासणी करून घ्यायलाच हवी. कमी दाबात पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून विमानात पोट गच्च वाटते, आणि पोटाची शस्त्रक्रिया ताजी असताना डॉक्टर विमानप्रवास टाळायला सांगतात. हवाही कोरडी असते. आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते. घसा आणि डोळे कोरडे पडतात. थोडे थोडे पाणी पीत राहणे हा त्यावरचा सोपा उपाय.

एका तारखेला दोन सकाळी

गोळ्यांची चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती घड्याळामुळे. समजा, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला घ्यायची आहे. विमानात असताना भारतात सकाळचे आठ वाजतात आणि गोळी घेतली जाते. साडेनऊ तासांनी विमान उतरते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. तारीख तीच, बाहेर कोवळे ऊन. सवयीने हात पुन्हा डबीकडे जातो. त्या दिवशी दोन सकाळी झालेल्या असतात.

परतताना उलटे होते. न्यूयॉर्कला सकाळी आठला गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेने सकाळी आठला घेतली, तर मधले अंतर चोवीसऐवजी साडेचौदा तासांचेच राहते. काही गोळ्यांच्या बाबतीत यामुळे बिघडत नाही. इन्सुलिन, साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्या बाबतीत मात्र डोस लवकर पडणे धोक्याचे ठरू शकते. त्यातच विमानात जेवण येण्याची वेळ आपल्या हातात नसते. इन्सुलिन घेतले आणि जेवण तासभर लांबले, तर साखर एकदम उतरू शकते.

सोय साधी आहे. हातातले घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच ठेवायचे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर तक्ता करून घ्यायचा: औषधाचे नाव, भारतीय वेळ, न्यूयॉर्कची वेळ. जाण्याचा आणि येण्याचा तक्ता वेगळा. नव्या वेळेवर कोणत्या दिवसापासून जायचे, हेही त्यावर लिहून घ्यायचे. औषधे, चिठ्ठी आणि साखर तपासण्याचे यंत्र हातातल्या बॅगेत ठेवायचे. इन्सुलिन मोठ्या सामानात टाकू नये, कारण तिथे ते गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान वेळेवर मिळाले नाही तर पंचाईत होते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषधाच्या दुकानात ओळखत नाहीत.

उतरल्यानंतरचे दिवस

मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक छोटा पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो. पेशींमधले हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. माणसाच्या या घड्याळाचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे दिवस लांबवणे शरीराला जमते, आखडणे जड जाते. पश्चिमेकडे जाणे म्हणूनच थोडे सोपे आणि पूर्वेकडे परतणे कठीण. ढोबळ मानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस धरला, तर साडेनऊ तासांना आठवड्याहून अधिक दिवस लागतात.

तोवर रात्री दोनला टक्क जाग आणि दुपारी डोळ्यांवर झापड, हे चालायचेच. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर पहिल्या दिवसांत दुपारच्या उन्हात चालून आले तर घड्याळ सरकायला मदत होते. दिवसा झोपायचेच असेल तर अर्ध्या तासाचा गजर लावून झोपावे. रात्री उठावे लागते, घर नवे असते, जिना अनोळखी असतो. म्हणून खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत छोटा दिवा चालू ठेवावा. नव्या बाळाला रात्री सांभाळण्याची जबाबदारी आजीवर पहिल्याच आठवड्यात टाकू नये.

एका गोष्टीकडे मात्र दोन्हीकडच्या घरांनी लक्ष ठेवायला हवे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. गुठळीची लक्षणे प्रवासानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसू शकतात. तिकडे विमा नाही म्हणून किंवा मुलीला त्रास नको म्हणून अंगावर काढणारे आई-वडील पुष्कळ असतात. निघण्यापूर्वीच प्रवासी आरोग्यविमा घेतला आणि जुने आजार त्यात न लपवता लिहिले, तर हा संकोच थोडा कमी होतो. साताऱ्याला परतल्यावर असे काही झाले, तर नेहमीच्या डॉक्टरांना ‘अमेरिकेहून विमानाने आलो’ हे आधी सांगावे. त्या एका वाक्याने त्यांना योग्य तपासणी लवकर सुचते.

तिकीट हाती आल्यावर बॅगा भरण्यापूर्वी, निदान महिनाभर आधी, डॉक्टरांची एक वेळ घ्यावी. सोबत औषधांची यादी न्यावी आणि एका कागदावर घरापासून घरापर्यंतचे तास मांडून न्यावेत. साताऱ्याच्या जोडप्याच्या कागदावर साडेसहाच्या जागी २९ हा आकडा असेल.